तूप रवा कसे धरते?

आमच्याकडे तूप आणून देणाऱ्या मावशींवर मी एकदा भेसळीचा आळ घेतला होता. तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाने तो घ्यावा, ही लाजिरवाणी गोष्ट. दिवाळीच्या तोंडावर त्यांनी पातळ, सोनेरी तुपाचा डबा आणला. मी घाईने तो फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी पाहतो तो तूप लोण्यासारखे गुळगुळीत, रव्याचा मागमूस नाही. मावशी हिशेबाला आल्या तेव्हा मी दारातच बोललो. त्या एवढेच म्हणाल्या, "मास्तर, पुन्हा ताप द्या आणि निजू द्या. हलवू नका." मला ती सारवासारव वाटली.

शाळेत आपण शिकवतो ते चित्र सोपे असते. स्थायूतले कण जागच्या जागी थरथरतात, द्रवातले एकमेकांवरून घसरतात, वायूतले मोकाट सुटतात. हे खोटे नाही, पण ते एका अवस्थेतून दुसरीत जातानाचा क्षण त्यात दिसत नाही. बर्फाला उष्णता देत राहिले तरी सारा बर्फ वितळेपर्यंत तापमान शून्य अंशावरच राहते. 1760च्या दशकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅकने या दडलेल्या उष्णतेचा हिशेब मांडला. एक ग्रॅम बर्फ नुसता वितळायला सुमारे 80 कॅलरी लागतात. तेवढ्याच उष्णतेने एक ग्रॅम पाणी शून्यावरून 80 अंशांवर जाईल. ही उष्णता कणांचा वेग वाढवण्यात जात नाही, त्यांच्यातली पकड सोडवण्यात जाते. गोठताना ती परत बाहेर पडते.

तुपाचे मात्र एकच ठरलेले तापमान नाही. (मराठीला हा फरक जणू ठाऊकच आहे. पाणी गोठते, रक्त साकळते आणि तूप थिजते.) तूप म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो प्रकारच्या स्निग्ध रेणूंची जत्रा. प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलच्या कण्याला मेदाम्लांच्या तीन शेपट्या. संतृप्त शेपट्या सरळ असतात, त्या चळतीसारख्या नीट बसतात. ओलिक आम्लाच्या शेपटीला मधेच बाक असतो, ती रांगेत बसायला कुरकुरते. म्हणून काही रेणू 40 अंशांच्या आसपास वितळतात, तर काही फ्रिजच्या थंडीतही द्रवच राहतात. रवाळ तूप हे अर्धे स्थायू, अर्धे द्रव असते: कण्या स्थायू आणि त्यांच्यामधले तेल द्रव.

आता रवा. तूप निवू लागले की काही रेणू योगायोगाने एकमेकांना चिकटतात, पण ते झुबके फार लहान असले तर लगेच विस्कटतात. एका मर्यादेपलीकडे गेलेला झुबकाच टिकतो आणि वाढतो; त्याला आपण बीज म्हणू. भांड्याचा खरबरीत कडा, गाळणीतून निसटलेली बेरी, जुन्या तुपाचा चमचा यांनी हे काम सोपे होते. सारा खेळ बिजांच्या संख्येचा. फ्रिजमध्ये तूप झपाट्याने थंड झाले की एकाच वेळी असंख्य बिजे उगवतात, प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच रेणू येतात, आणि स्फटिक इतके बारीक होतात की जिभेला कळतच नाहीत. शिवाय घाईत रेणूंची चळत ढिली लागते. हेच तूप 28 अंशांच्या आसपास सावकाश निवू दिले तर बिजे मोजकी पडतात, आणि वाट बघायला वेळ असलेला प्रत्येक रेणू आपली जागा शोधून बसतो. म्हणून कण्या टपोऱ्या होतात. हलवले की पुन्हा नवी बिजे पडतात. मावशींच्या "हलवू नका"चा अर्थ हा.

म्हशीच्या तुपात उशिरा वितळणारे रेणू जास्त, त्यामुळे त्याचा रवा ठसठशीत. पण रवा म्हणजे शुद्धता नव्हे. वनस्पती तुपालाही कारखान्यात मुद्दाम रवा आणत. डोळे आणि जीभ फसतात म्हणूनच कायद्याने वनस्पतीत किमान 5 टक्के तिळाचे तेल सक्तीचे केले होते; हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फुरफुराल घातले की ते किरमिजी रंग दाखवून भेसळ उघडी पाडते. मी असली कुठलीच चाचणी केली नव्हती. फक्त बोटाने चोळून पाहिले होते.

महिनाभराने, मावशी यायच्या बंद झाल्यावर, मी त्याच डब्यातले उरलेले तूप कढवून दोन वाट्यांत ओतले. एक फ्रिजमध्ये ठेवली, दुसरी दुलईत गुंडाळून कपाटात. दुसऱ्या दिवशी फ्रिजमधली वाटी गुळगुळीत होती. कपाटातल्या वाटीत तळापर्यंत टपोऱ्या कण्या होत्या, वर बोटभर सोनेरी तेल. ती वाटी झाकून पिशवीत घातली आणि मावशींच्या गावची एसटी पकडली.