आनंदीबाईंचे कॉलेज आणि त्याची भावंडे

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव मराठी घराला नवे नाही. श्री. ज. जोशींच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीने, नाटकाने आणि अलीकडच्या चित्रपटाने ते पिढ्यान्‌पिढ्या पोहोचवले. कल्याणची मुलगी, नवव्या वर्षी लग्न, दहा दिवसांचे बाळ दगावल्याचा घाव, अठराव्या वर्षी समुद्रप्रवास आणि विसाव्या वर्षी एम.डी. एवढे आपल्याला पाठ असते. पण ज्या कॉलेजने ही पदवी दिली ते कोणी काढले, कशासाठी काढले आणि आज ते कुठे आहे, हे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. उत्तरे शोधायला गेले की एका कॉलेजापाशी थांबता येत नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या वैद्यकीय कॉलेजांचा आणि नर्सिंग स्कूलचा दोन शतकांचा इतिहास उलगडू लागतो. ज्यांना दाराबाहेर ठेवले गेले त्यांनी आपापल्या शाळा कशा उभ्या केल्या, याचा तो इतिहास आहे.

जुने शहर, बंद दारे

अमेरिकन वैद्यकाचे माहेरघर म्हणजे फिलाडेल्फिया. डॉ. थॉमस बाँड आणि बेंजामिन फ्रँकलिन यांच्या खटपटीतून 1751 साली तिथे पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलची स्थापना झाली. 1765 मध्ये डॉ. जॉन मॉर्गन यांनी वसाहतींमधली पहिली वैद्यकीय शाळा काढली. तीच पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची झाली. पुढच्या शतकात जेफरसन मेडिकल कॉलेजची भर पडली. पण एवढ्या मोठ्या विद्यानगरीत बाईला डॉक्टर होण्याची सोय नव्हती.

आजाऱ्याची शुश्रूषा मात्र बायकांचीच समजली जाई, आणि त्यासाठी शिक्षण लागते असे कुणाला वाटत नसे. तसे वाटले ते डॉ. जोसेफ वॉरिंग्टन या क्वेकर डॉक्टरांना. 1839 मध्ये त्यांनी ‘नर्स सोसायटी ऑफ फिलाडेल्फिया’ सुरू केली. गरीब बाळंतिणींच्या घरी जाऊन काळजी घेणाऱ्या बायकांना इथे शिकवले जाई. सरावासाठी मानवाकृती पुतळाही वापरत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाला जाण्याच्या पंधरा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला छोटा पंथ. ईश्वराचा प्रकाश प्रत्येक माणसात असतो, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या प्रार्थनासभेत स्त्रिया उभ्या राहून बोलत आणि गुलामगिरीविरोधी चळवळीतही हे लोक पुढे होते. मुलींना वैद्यक शिकवावे हा विचार या मंडळींत रुजला, तो योगायोगाने नव्हे.

11 मार्च 1850

या दिवशी राज्याच्या विधिमंडळाने ‘फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ला सनद दिली. त्यामागे डॉ. बार्थोलोम्यू फसेल, डॉ. जोसेफ लाँगशोर आणि उद्योजक विल्यम मलेन ही मंडळी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्च स्ट्रीटवर वर्ग भरू लागले. 1851 च्या डिसेंबरअखेर पहिल्या आठ जणींना पदवी मिळाली. पुरुष विद्यार्थी गोंधळ घालणार अशी बोलवा होती, म्हणून पदवीदानाला पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला.

त्या आठ जणींत अॅन प्रेस्टन होत्या. कॉलेजचा पुढचा काळ त्यांनी घडवला. फिलाडेल्फियाच्या वैद्यक संघटनेने 1858 मध्ये या कॉलेजशी संबंध ठेवू नयेत असा ठराव केला. मुलींना रुग्णांपाशी उभे राहून शिकायला हॉस्पिटलच मिळेना. तेव्हा प्रेस्टनबाईंनी क्वेकर स्त्रियांना हाताशी धरून वर्गणी जमवली आणि 1861 मध्ये ‘वुमन्स हॉस्पिटल’ची सनद मिळवली. यादवी युद्धामुळे त्या वर्षी कॉलेजचे वर्ग बंद ठेवावे लागले होते, तरी हॉस्पिटलचे काम अडले नाही. स्त्रिया आणि मुलांवर उपचार करणे, विद्यार्थिनींना प्रत्यक्ष शिक्षण देणे आणि नर्स तयार करणे, असे तिन्ही हेतू त्यात होते. डॉक्टरणीची शाळा आणि नर्सची शाळा इथे एकाच छपराखाली आल्या. 1866 मध्ये प्रेस्टन कॉलेजच्या डीन झाल्या. अमेरिकेत वैद्यकीय कॉलेजची डीन होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पुढच्या वर्षी कॉलेजचे नाव ‘वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया’ झाले.

6 नोव्हेंबर 1869 चा शनिवार या इतिहासात ठळक आहे. पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलने आपल्या क्लिनिकला विद्यार्थिनींना बसण्याची परवानगी दिली होती. सुमारे तीस मुली सभागृहात आल्या आणि शेकडो मुलांनी हुर्यो उडवायला सुरुवात केली. कागदाचे गोळे आले, चघळलेल्या तंबाखूचे लगदे आले. क्लिनिक संपल्यावर रस्त्यापर्यंत शेरेबाजी चालूच राहिली. मुली जागच्या हलल्या नाहीत. नंतर शहरातल्या नामवंत प्राध्यापकांनी मुलांना समज द्यायची सोडून मुलामुलींच्या एकत्र क्लिनिकविरुद्धच निवेदन काढले. प्रेस्टनबाईंनी त्याला जाहीर उत्तर दिले. वैद्यक संघटनेने पहिल्या स्त्री सभासदाला आत घेतले, तेव्हा 1888 साल उजाडले होते.

मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुल्यांवर शेण फेकले गेले ते पुण्यात आणि तंबाखू फेकली गेली ती फिलाडेल्फियात. दोन्ही गोष्टींत जेमतेम वीस वर्षांचे अंतर आहे.

एक छायाचित्र

10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेले एक छायाचित्र या कॉलेजच्या संग्रहात आहे. तिघी जणी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. लुगडे नेसलेल्या आनंदीबाई, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि दमास्कसच्या सबात इस्लामबूली. खाली नावे लिहिली आहेत. आनंदीबाईंचे गाव म्हणून सेरामपूर नोंदले आहे, तेही चुकीच्या स्पेलिंगने. कारण त्यांचे पती गोपाळराव तिथल्या पोस्टात नोकरीला होते आणि आनंदीबाई अमेरिकेला निघाल्या त्या बंगालमधून. इस्लामबूलीबाईंचे नावही चुकले आहे. तिघींच्या नावामागे ‘डॉक्टर’ आहे, पण त्या दिवशी तिघींपैकी कुणाचीच पदवी झालेली नव्हती. कोणत्याही संस्थेचा कागद किती लक्षपूर्वक वाचावा लागतो, हे या एका चित्रावरून कळते.

आनंदीबाईंना प्रवेश देणाऱ्या डीन रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. कॉलेजने तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली. हिंदू स्त्रियांचे प्रसूतिशास्त्र हा आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता. 11 मार्च 1886 रोजी, म्हणजे कॉलेजच्या सनदेला बरोबर छत्तीस वर्षे झाली त्या तारखेला, त्यांना पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंच्या ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला बॉडलीबाईंनीच प्रस्तावना लिहिली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाची जबाबदारी आनंदीबाईंची वाट पाहत होती, पण 26 फेब्रुवारी 1887 रोजी क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला.

मराठी मुलुखाचा या कॉलेजशी संबंध इथे संपला नाही. डॉ. गुरुबाई करमरकर यांनी 1892 मध्ये तिथूनच पदवी घेतली आणि मुंबईला येऊन अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे रुग्णसेवा केली. आनंदीबाईंना जे काम करायला आयुष्य उरले नाही, ते गुरुबाईंनी केले. आपल्या स्मरणात मात्र त्यांना अगदीच थोडी जागा आहे.

याच वर्गांमधून आणखी कोण गेले? 1867 मध्ये रेबेका कोल, अमेरिकेतल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय स्त्री-डॉक्टर. 1889 मध्ये ओमाहा जमातीतल्या सुझन ला फ्लेश, वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या मूळनिवासी अमेरिकन. त्यांचा जन्म 1865 चा, म्हणजे त्या आनंदीबाईंच्या बरोबरीच्या. 1897 मध्ये एलायझा ग्रिअर. गुलामगिरीत जन्मलेल्या या बाईंनी एक वर्ष कष्ट करून पैसे जमवायचे आणि एक वर्ष शिकायचे, असे करत पदवी गाठली.

वॉर्डातली शाळा

आता या कॉलेजच्या धाकट्या भावंडांकडे, म्हणजे नर्सिंग स्कूलकडे वळू. शहराचे सरकारी इस्पितळ ब्लॉकली या नावाने ओळखले जाई. ते गोरगरिबांचे अनाथाश्रमवजा इस्पितळ. तिथल्या अनागोंदीची चर्चा गावभर असे. 1884 मध्ये तिथे अॅलिस फिशर आल्या. त्या लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात, नाइटिंगेलबाईंच्या शाळेत तयार झालेल्या. त्यांनी नर्सिंग स्कूल उभे केले, वॉर्ड स्वच्छ केले, शिस्त आणली. 1885 मध्ये याच राज्यातल्या प्लिमथ या कोळसाखाणींच्या गावात दूषित पाण्याने विषमज्वराची मोठी साथ आली, तेव्हा फिशर तिथे धावून गेल्या. 1888 मध्ये, पन्नाशीही गाठायच्या आत, त्या वारल्या. त्यांच्या समाधीवर दर वर्षी फुले वाहायला जाण्याचा रिवाज तिथल्या नर्सनी कित्येक वर्षे पाळला.

ब्लॉकलीची शाळा यशस्वी झाली आणि राज्यभर हॉस्पिटलांनी नर्सिंग स्कूल काढली. त्यामागे सेवाभाव होता तसा हिशेबही होता. विद्यार्थिनी वसतिगृहात राहणार, दिवसाचे दहा-बारा तास वॉर्डात काम करणार, थकल्या अंगाने संध्याकाळी व्याख्यान ऐकणार आणि बदल्यात जेवण, गणवेश व हातखर्चापुरते पैसे घेणार. पगारी नर्स ठेवण्यापेक्षा शाळा काढणे हॉस्पिटलला स्वस्त पडे. पदवी हातात पडली की त्याच मुलीला बाहेर खाजगी नोकरी शोधावी लागे, कारण वॉर्डात तिची जागा नव्या विद्यार्थिनीने घेतलेली असे. अमेरिकेतली हॉस्पिटले ज्या श्रमांवर वाढली, त्यात या मुलींच्या बिनमोल कामाचा फार मोठा वाटा आहे, आणि त्यांची नावे कुठल्याही कोनशिलेवर नाहीत.

आणि ही दारेसुद्धा सर्वांना उघडी नव्हती. कृष्णवर्णीय मुलींना बहुतेक शाळा प्रवेश देत नसत. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर डॉ. नॅथन मॉसेल यांनी म्हणून 1895 मध्ये लोंबार्ड स्ट्रीटवर ‘फ्रेडरिक डग्लस मेमोरियल हॉस्पिटल अँड ट्रेनिंग स्कूल’ काढले. नावातच शाळा होती. स्त्रियांसाठी प्रेस्टनबाईंनी जे केले, तेच मॉसेल यांना आपल्या समाजासाठी पुन्हा करावे लागले.

दारे उघडली, घरे रिकामी झाली

1893 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सने मुलींना मुलांच्या बरोबरीने प्रवेश दिला. मुलींच्या वैद्यकीय कॉलेजांची मग गरज काय, असा सूर निघाला. एकेक कॉलेज बंद झाले. पुढे फिलाडेल्फियाचे तेवढे उरले. ते उरले याला कारण होते. इतर कॉलेजे मोजक्या मुली घेत, पण स्त्रियांना प्राध्यापक, शल्यचिकित्सक, विभागप्रमुख होऊ देत नसत. इथे ते होता येत होते. अखेर 1970 च्या सुमारास या कॉलेजनेही मुलांना प्रवेश दिला आणि नावातला ‘वुमन्स’ शब्द गेला. नव्वदच्या दशकात ते आणि शहरातलेच हानेमान कॉलेज एकत्र झाले, चालवणारी आरोग्यसंस्था 1998 मध्ये दिवाळखोरीत निघाली, आणि आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे.

नर्सिंग स्कूलची गतही वेगळी नाही. 1909 मध्ये राज्याने नर्सच्या नोंदणीचा कायदा केला. पुढे नर्सिंगचे शिक्षण विद्यापीठात असावे, ही मागणी जोर धरत गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1950 मध्ये स्वतंत्र नर्सिंग स्कूल झाले. हॉस्पिटलांच्या शाळा साठ-सत्तरच्या दशकांत भराभर मिटल्या. डग्लस हॉस्पिटल 1948 मध्ये मर्सी हॉस्पिटलात मिसळले, 1973 मध्ये तेही बंद झाले. ब्लॉकलीचे इस्पितळ 1977 मध्ये बंद पडले.

हा बदल वाईट होता असे नाही. फुकटच्या श्रमातून मुली सुटल्या, शिक्षणाचा दर्जा वाढला, भिंती पडल्या. पण ज्यांना कुणी आत घेत नव्हते त्यांनी वर्गणी काढून, हुर्यो सोसून उभ्या केलेल्या संस्था मोठ्या संस्थांच्या पोटात गेल्या की त्यांचा इतिहासही तिथेच जिरतो. फिलाडेल्फियाने तो जाणीवपूर्वक जपला. ड्रेक्सेलच्या संग्रहालयात आनंदीबाईंचा प्रवेशासाठीचा अर्ज आहे, ते छायाचित्र आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 1985 पासून नर्सिंगच्या इतिहासाचे स्वतंत्र केंद्र आहे. बंद पडलेल्या शाळांची कागदपत्रे तिथे ठेवली आहेत. आनंदीबाईंबद्दल आपल्याला जे नेमके ठाऊक आहे, त्यातला काही भाग या जपणुकीमुळे हाती आला.

आपल्याकडे काय आहे? मुंबईचे कामा हॉस्पिटल, रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवांसाठी खुली केलेली नर्सिंगची वाट, मिरज-वाईसारख्या ठिकाणची मिशन हॉस्पिटले. यांतून किती मुली शिकून बाहेर पडल्या, कुठे गेल्या, काय केले? त्यांच्या हजेरीपटांत, वसतिगृहाच्या वह्यांत, जुन्या गटछायाचित्रांत महाराष्ट्रातल्या बायकांनी घराबाहेर कमावलेल्या पहिल्या पगाराचा इतिहास आहे. ते कागद रद्दीत जाण्याआधी नीट लावून ठेवण्याचे काम विद्यापीठांनी आणि या संस्थांच्या माजी विद्यार्थिनींनी हाती घ्यायला हवे. आनंदीबाईंचा अर्ज परक्या शहराने एवढी वर्षे सांभाळला. आपल्या नर्सताईंची नावे तरी आपणच सांभाळली पाहिजेत.