शंभर दिवसांचा भात आणि दहा वर्षांचे किस्से

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचं विभाजन झालं आणि नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्यामागचं राजकारण सगळ्यांना पाठ आहे. त्यातली भाताची बाजू मात्र कोणी सांगत नाही. पश्चिम खान्देशातला भात पिकतो तो नवापूर, अक्कलकुवा, धडगावच्या डोंगरपट्ट्यात आणि साक्री तालुक्याच्या पश्चिम कडेला. रोपं टाकायची जूनमध्ये, लावणी करायची जुलैत. त्या वर्षी नवापूरच्या शेतकऱ्याने रोपं टाकली धुळे जिल्ह्यात आणि लावणी केली नंदुरबार जिल्ह्यात, तीही बांध न ओलांडता. धुळ्याच्या हाती साक्रीची कड उरली. जळगाव निश्चिंत होतं; गमावण्याइतका भात त्याच्याकडे होताच कुठे?

पण पिकवत नाहीत म्हणून खान्देशी माणसाला तांदळातलं कळत नाही, असं कोणी समजू नये. रात्रीची खिचडी आणि तिच्यावर कच्च्या शेंगदाणा तेलाची धार, हा इथला घरोघरचा नेम आहे. त्यामुळे भाताच्या शिवारफेरीत एक प्रसंग हमखास घडतो. साहेब नव्या वाणाचे दिवस सांगतात, फुटवे सांगतात, हेक्टरी क्विंटल सांगतात. सगळं ऐकून साक्रीकडचे एखादे आबा विचारतात, ‘‘साहेब, चव कशी शे?’’ साहेब लगबगीने पुढच्या प्लॉटकडे वळतात.

साधारण ११५-१२० दिवसांच्या आत कापणीला येतो तो हळवा भात, १३५ दिवसांपर्यंतचा निमगरवा आणि त्यापुढचा गरवा. उतारावरच्या हलक्या जमिनीत सप्टेंबर सरता सरता पाऊस दगा देतो आणि गरवा नेमका दाणा भरताना तहानतो, म्हणून तिथे हळवा हवा. शिवाय तो लवकर निघाला की ओलीवर हरभरा साधतो. इथवर सगळं पुस्तकात आहे. कमी केलेल्या प्रत्येक दिवसाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते, हे पुस्तकात नाही. पहिला वाद तर दिवस मोजण्यावरूनच होतो. संशोधक बी पडल्यापासून मोजतो, शेतकरी लावणीपासून. तीन-साडेतीन आठवड्यांची रोपं लावा, असं साहेब सांगून जातात. पाऊस लांबतो आणि रोपं वाफ्यातच चाळीस दिवसांची होतात. गरवा हा उशीर पोटात घालतो. हळव्याकडे तेवढे दिवसच शिल्लक नसतात. तो फुटवे कमी काढतो आणि लोंबी लहान टाकतो. मग ‘वाण बोगस आहे’ असा फोन जातो तो पावसाला नव्हे, संशोधकाला.

शंभर-सव्वाशे दिवसांत येणारं वाण जन्माला घालायला आठ-दहा वर्षं लागतात, आणि त्याची सुरुवात एका छोट्या कात्रीने होते. भाताचं फूल सकाळी दहा ते बाराच्या सुमारास उघडतं आणि थोड्याच वेळात मिटतं. म्हणून आदल्या संध्याकाळीच तुसाचं टोक कापायचं, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने उपटायचे आणि लोंबीवर बटर पेपरची पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी परक्या जातीचा पराग झटकायचा. एवढ्या उपद्व्यापानंतर एका फुलातून दाणा मिळतो एकच. सहातला एक पुंकेसर राहून गेला, तर फूल आपल्याच परागाने गुपचूप फळतं. लेबलावर दोन नामवंत आईबापांची नावं थाटात झळकत असतात आणि पुढच्या हंगामात ‘संकर’ निघतो तो हुबेहूब आईसारखा! अशा वेळी न चुकणारा हात शोधावा लागतो, आणि तो बहुधा वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या एखाद्या मजूर मावशींचा असतो. वंशावळीच्या नोंदवहीवर सही अर्थात साहेबांची.

नवं वाण तयार झालं की चाचण्या सुरू होतात. अखिल भारतीय समन्वित भात सुधारणा प्रकल्प १९६५ मध्ये सुरू झाला. त्यात लवकर येणाऱ्या वाणांची चाचणी वेगळी लावतात. याचं शास्त्रीय कारण असं की हळव्याची तुलना हळव्याशीच व्हावी. दुसऱ्या कारणाला पंख आहेत. आजूबाजूचं सगळं शिवार हिरवं असताना एकच तुकडा पिवळा झाला, तर पंचक्रोशीतल्या चिमण्या-मुनियांना आमंत्रण वेगळं द्यावं लागत नाही. संख्याशास्त्राच्या सगळ्या नियमांनी आखलेल्या प्रयोगात मग पत्र्याचा डबा बडवणारा राखणदार हा सर्वांत महत्त्वाचा सहकारी ठरतो. तो जेवायला गेला की चाचणीतलं सर्वांत हळवं वाण उत्पादनात तळाला जातं. अहवालात मात्र ‘पक्ष्यांच्या पसंतीस उतरले’ असा रकाना नसतो.

उत्पादनाच्या शर्यतीत चवीचं काय झालं, याचा नामांकित किस्सा फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचा. तिथे १९६२ मध्ये पीटर जेनिंग्ज यांनी केलेल्या संकरांपैकी आठवा निवडीतून तरला आणि १९६६ मध्ये ‘आयआर-८’ म्हणून जगात पसरला. बुटका, न लोळणारा, दिवसाच्या लांबीची पर्वा न करता ठरल्या मुदतीत येणारा हा भात ‘चमत्कारी’ ठरला. चमत्कार शेतात होता. गिरणीवर त्याची कणी फार पडायची, दाण्याच्या पोटात खडूसारखा पांढरा डाग असायचा आणि भात गार झाला की टणक व्हायचा. आपल्याकडे वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने याच आयआर-८ ची सोयरीक आंबेमोहर-१५७ शी लावली. १९८७ मध्ये त्यातून इंद्रायणी आला. घराण्याने सुवासिक असलेला हा वाण नवापूरच्या शेतकऱ्यांनीही उचलला आणि ‘नवापूरचा इंद्रायणी’ अशी त्याची ओळख झाली. गंमत म्हणजे तो हळवा नाहीच. चांगले १३५-१४० दिवस घेतो. दाणा भरताना रात्री गार असतील तर वास टिकतो, आणि घाईत पिकणाऱ्या भाताला त्या रात्री लाभत नाहीत. ज्या पट्ट्याला लवकर येणारा भात द्यायचा म्हणून बैठका होत राहिल्या, त्याने सावकाश येणारा निवडला.

घाईतही नाव काढणारा भात निघाला तो १९७६ मध्ये, गुरदेव खुश यांच्या हातून. त्याचं नाव आयआर-३६. सुमारे ११० दिवसांत येणारा हा वाण १९८०च्या दशकात जगभरात कोटीभर हेक्टरांवर होता. त्याच्या आधी ग्रासी स्टंट नावाच्या विषाणूने भाताची दाणादाण उडवली होती. हजारो नमुने तपासल्यावर प्रतिकारशक्ती सापडली ती ‘ओरायझा निवारा’ या रानटी भाताच्या एका नमुन्यात. जगातल्या सर्वांत गाजलेल्या हळव्या भाताला तारणारं ते गवत उत्तर प्रदेशातलं होतं. आपण ते तण म्हणून उपटत होतो.

जळगावकरांना भातात मिरवता आलं नाही, पण लवकर येणाऱ्या वाणाचा त्यांचा किस्सा आफ्रिकेपर्यंत पोचला आहे. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने ईसी ९४९४३ या परदेशी नमुन्यातून निवड करून जेएल-२४ हा भुईमूग काढला. त्याचं थाटाचं नाव फुले प्रगती. खरिपात ९० ते ९५ दिवस. याचीही किंमत होतीच. या उपट्या भुईमुगाच्या दाण्याला सुप्तावस्था नसते, त्यामुळे काढणीच्या तोंडावर पाऊस झाला की शेंगा जमिनीतच मोड काढतात. तरीही हा वाण झांबियात ‘लुएना’ झाला आणि मलावीत ‘काकोमा’. तिकडे त्याची गाठ पडली माव्यामार्फत पसरणाऱ्या रोझेट विषाणूशी, आणि त्यापुढे त्याने सपशेल हात टेकले. जळगावच्या पावसाळ्याला पुरून उरलेल्या पिकाला एका किड्याने लोळवलं.

दाण्याच्या दर्जाची गोष्ट मात्र संशोधन केंद्राच्या कुंपणाबाहेर घडली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये ‘पटेल-३’ भाताच्या शेतात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या जपल्या, वाढवल्या. बारीक दाण्याचा तो तांदूळ बाजारात आला, तेव्हा त्याला त्या काळी मनगटोमनगटी मिरवणाऱ्या घड्याळाचं नाव मिळालं. तोच एचएमटी, जो आज दुकानदार जळगावकराच्या पिशवीत निमूटपणे भरतो. १९९४ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने दादाजींकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही-एचएमटी’ प्रसारित झाला. आम्ही शुद्धीकरण केलं, असं विद्यापीठाचं म्हणणं. श्रेय गेलं, असं दादाजींचं. पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने त्यांना गौरवलं, २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ने ग्रामीण उद्योजकांच्या यादीत बसवलं. ३ जून २०१८ रोजी ते गेले, तेव्हा वाण लाखो एकरांत होते आणि त्यांच्या नावावरची जमीन मोजायला फार वेळ लागत नव्हता.

आता चवीचा सरकारी मार्ग. सुवासिक वाण ओळखायला प्रयोगशाळेत पान किंवा दाणे पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवतात आणि हुंगतात. नाक थकतं, पाचव्या-सहाव्या नमुन्यानंतर सगळंच आंबेमोहर वाटू लागतं. दुसरी पद्धत दाणे चावून पाहण्याची. ती अधिक विश्वासार्ह, फक्त परीक्षकाने तोंडात आधीपासून काही धरलेलं नसावं. खान्देशात ही अट घातली की अर्धं मंडळ बाद होतं.

एका केंद्रावर नव्या हळव्या वाणाची पाहणी करायला वरिष्ठांचं पथक आलं होतं. केंद्राचं नाव सांगत नाही. तिथला चहा अजून प्यायचा आहे. पथकाने लोंब्या मोजल्या, फोटो काढले आणि मंडळी विश्रामगृहावर जेवायला बसली. भात वाढला गेला, पहिल्याच घासाला माना डोलल्या. ‘‘हाच का तो?’’ असं एकाने विचारलं. यजमान तेवढ्यात वरण आणायला आत गेले. ते बरोबरच होतं. पीक अजून शेतात उभं होतं, मागच्या वर्षीचं पैदासकार बियाणं कुलपात होतं, आणि कुलपातलं बियाणं शिजवायला काही कोणी वेडा नसतो. पानातला तांदूळ सकाळीच बाजारातून आणलेला इंद्रायणी होता. पाहणी अहवालात दोन ओळी पडल्या : ‘वाण लवकर येणारे व उत्पादनक्षम आहे. चव उत्कृष्ट असल्याचे पथकाने प्रत्यक्ष अनुभवले.’ दुसऱ्या ओळीत खोटं काहीच नव्हतं.