वर येण्याची विद्या



लक्षद्वीपला किंवा मालदीवला जाऊन समुद्राच्या पोटात बुडी मारून येणे ही गोष्ट आता आपल्याकडे नवलाची राहिलेली नाही. मालवणच्या किनाऱ्यावर पहिली बुडी मारलेली तरुण मंडळी पुढे तिकडची वाट धरतात. निघताना घरची वडील माणसे बजावतात, "फार खोल जाऊ नकोस हो!" उपदेश चांगला आहे, परंतु अर्धाच आहे. या विद्येतला मोठा धोका वर येण्यात आहे. तो कसा, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या बेटांची घडण पाहू. 'अॅटॉल' हा शब्द मुळी मालदीवच्या दिवेही भाषेतून जगात गेला. डार्विनने १८४२ साली असे मांडले की, ज्वालामुखीचे बेट हळूहळू खचत जाते, त्याच्या काठाने प्रवाळ वर वर वाढत राहतात, आणि शेवटी डोंगर बुडून प्रवाळाचे कंकण तेवढे उरते. १९५२ साली पॅसिफिकमधील एनिवेटोक येथे खोल विंधण केले, तेव्हा चार हजार फुटांहून अधिक चुनखडीखाली ज्वालामुखीचा खडक लागला! या कंकणाच्या आत उथळ खाजण असते. बाहेरची बाजू मात्र पुष्कळ ठिकाणी भिंतीसारखी खाली उतरते. पायाखाली तळ दिसत नाही, आणि पाणी असे नितळ की, दहा मीटर उतरलो की वीस, याचा डोळ्यांना अंदाज येत नाही. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांना तीस मीटरची मर्यादा नियमानेच घातली आहे, ती उगाच नव्हे.

आता दाबाचा हिशेब. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीस मीटरवर तो चौपट होतो. इतक्या दाबाखाली छाती फुगावी कशी? फ्रान्समध्ये १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या दोघांनी यावर तोड काढली. त्यांच्या झडपेतून, भोवतालच्या पाण्याचा जितका दाब, तितक्याच दाबाची हवा श्वासाबरोबर मिळते. माणूस मोकळा झाला. पण चौपट दाबाची हवा फुप्फुसात घेऊन तो आता वर येणार!

येथेच पहिली गोम आहे. दहा मीटरवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागाशी येईतो दुप्पट जागा मागते. घाबरून श्वास कोंडून वर धावला, तर फुप्फुस फाटते. त्याला दीड-दोन मीटरचे अंतरही पुरे होते. म्हणून पहिल्याच दिवशी शिकवतात की, काहीही होवो, श्वास रोखावयाचा नाही.

दुसरी गोष्ट अधिक कपटी आहे. हवेतला नायट्रोजन एरवी निरुपद्रवी. पण दाबाखाली तो रक्तात आणि चरबीत विरघळत राहतो. सोड्याच्या बाटलीचे बूच झटकन उघडले म्हणजे काय होते ते आपण जाणताच. सावकाश उघडले तर फेस आवरता येतो. माणसाच्या शरीराचेही तसेच आहे. वेगाने वर आल्यास बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकतात. कोणाचा खांदा ठणकतो, कोणाचे पाय लुळे पडतात. हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून याचा अभ्यास केला. सांधा दुखू लागला की शेळी पुढचा पाय उचलून धरी. बिचारीला बोलता येत नव्हते, पण निदान तिनेच सांगितले! त्यावरून १९०८ साली त्याने टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज पाणबुड्याच्या मनगटावरचे यंत्र हाच हिशेब करते. सर्वसाधारण रीत अशी की, मिनिटाला नऊ-दहा मीटरहून अधिक वेगाने चढावयाचे नाही आणि पाच मीटरवर तीन मिनिटे थांबावयाचे.

लहान बेटांवर यात आणखी एक भर पडते, ती विमानाची. सुटी मोजकी असते. सकाळी शेवटची बुडी आणि दुपारी परतीचे उड्डाण, असा बेत सहज आखला जातो. विमानातला हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी असल्यामुळे ते पुन्हा बाटली उघडण्यासारखेच होय. अनेक बुड्या मारल्या असतील, तर निदान अठरा तास उडू नये, असे जाणकार सांगतात. तिकीट काढतानाच हे पाहावे.

आणि लाज? तीही यात आहेच. हाताला मुंग्या आल्या, तर "होडीत अवघडलो असेन" म्हणून मनुष्य गप्प बसतो. सोबत्यांपुढे हसे नको म्हणून. तास निघून जातात. अशा वेळी ताबडतोब सांगावे, आडवे व्हावे आणि शुद्ध प्राणवायू लावून घ्यावा. पुढचा उपचार दाबाच्या कोठीत होतो, आणि ती कोठी दुसऱ्या बेटावर, समुद्रापलीकडे असू शकते. बुडीला निघण्यापूर्वीच ती कोठे आहे आणि तेथवर कसे नेतील, हे होडीवाल्याला विचारून ठेवावे.