मायसेटोमा : एक उपेक्षित कवकजन्य व्याधी आणि तिच्या उपचारांचे संशोधन

प्रस्तावना

उष्ण कटिबंधातील रोगांचा विषय निघाला की हिवताप, कुष्ठरोग, हत्तीरोग यांची नावे सहज पुढे येतात. मायसेटोमा हे नाव मात्र वैद्यकशाखेबाहेरील अध्यापकांच्या कानावर क्वचितच पडते. वस्तुतः या रोगाचा शास्त्रीय इतिहास भारतातच सुरू होतो. १८४२ मध्ये मदुराई येथे जॉन गिल या डॉक्टरने पायाच्या या विकाराची नोंद केली. त्यावरूनच 'मदुरा फूट' हे नाव रूढ झाले. बुरशी हे त्याचे कारण आहे असे प्रतिपादन करून 'मायसेटोमा' ही संज्ञा देण्याचे श्रेय मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात अध्यापन केलेल्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्याकडे जाते. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' या विख्यात ग्रंथातील आकृत्या काढणारे कार्टर ते हेच. या रोगावरील त्यांचा ग्रंथ १८७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर दीड शतक लोटले, तरी खात्रीशीर औषधाचा शोध संपलेला नाही.

रोगाचे स्वरूप

रोगकारक सूक्ष्मजीव मातीत असतात. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या अथवा गुराख्याच्या पायात बाभळीसारख्या झाडाचा काटा मोडतो आणि त्या जखमेतून ते त्वचेखाली शिरतात, असे मानले जाते. काही महिन्यांनी, कधी वर्षांनी, तेथे गाठ येते. ती बहुधा दुखत नाही, आणि हीच या रोगाची खरी फसवणूक आहे. न दुखणाऱ्या गाठीसाठी हातावर पोट असलेला माणूस मजुरी बुडवून शहरातील रुग्णालयात जात नाही. कालांतराने गाठीला छिद्रे पडतात, पू वाहतो व त्यातून खसखशीसारखे बारीक दाणे बाहेर पडतात. पुढे रोग हाडापर्यंत पोहोचतो आणि मग पाय कापण्याची वेळ येते.

हे दाणे निदानाच्या दृष्टीने फार मोलाचे असतात. मायसेटोमा हा वस्तुतः दोन रोगांचा समूह आहे. एक बुरशीमुळे होतो, तर दुसरा तंतुमय जीवाणूंमुळे. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र पूर्णतः भिन्न आहेत. जीवाणूजन्य प्रकार अमिकासिन व को-ट्रायमॉक्साझोल यांसारख्या प्रतिजैविकांना चांगला प्रतिसाद देतो. बुरशीजन्य प्रकारावर त्यांचा उपयोग होत नाही. काळा दाणा सामान्यतः बुरशी सुचवितो आणि लाल दाणा जीवाणू. पांढऱ्या वा पिवळसर दाण्यांबाबत मात्र केवळ रंगावरून निर्णय घेणे धोक्याचे असते. तेथे ऊतीची सूक्ष्मदर्शकीय तपासणी व संवर्धन आवश्यक ठरते.

उपचारांचे संशोधन

बुरशीजन्य प्रकाराचे सर्वात प्रमुख कारण म्हणजे 'मदुरेला मायसेटोमाटिस' ही बुरशी. ती शरीरात मेलॅनिनयुक्त कठीण दाण्यांच्या आत दडून राहते, त्यामुळे औषध तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचत नाही. इट्राकोनाझोल दररोज ४०० मिलिग्रॅम, किमान वर्षभर, व जोडीला शस्त्रक्रिया ही प्रचलित पद्धती आहे. सुदानमधील खार्टूम येथील मायसेटोमा संशोधन केंद्राची १९९१ मध्ये स्थापना झाली. तेथील रुग्णांचा दीर्घकालीन आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार बुरशीजन्य प्रकारातील केवळ सुमारे २६ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि निम्म्याहून अधिक रुग्णांनी उपचार अर्धवट सोडले होते.

याच केंद्रात २०१७ मध्ये फॉसरॅव्युकोनाझोल या औषधाची तुलनात्मक चाचणी सुरू झाली. हे औषध जपानमध्ये विकसित झाले, ते नखांच्या बुरशीसाठी! शरीरात ते दीर्घकाळ टिकत असल्याने आठवड्यातून एकदाच घ्यावे लागते. १०४ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आराखड्यानुसार उपचार पूर्ण केलेल्यांत २०० मिलिग्रॅमच्या गटात ८५ टक्के, तर इट्राकोनाझोलच्या गटात ८० टक्के रुग्ण बरे झाले. ३०० मिलिग्रॅमच्या गटातील प्रमाण त्याहून कमी होते. नवे औषध जुन्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे सिद्ध झाले नाही. गोळ्यांचा भार मात्र पुष्कळ घटला.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पूर्वीच्या आढाव्यातील २६ टक्के आणि चाचणीतील ८० टक्के यांची थेट तुलना करता येणार नाही, कारण चाचणीत मध्यम आकाराच्या गाठींचेच रुग्ण घेतले होते. तथापि या अंतराचा काही भाग तरी नियमित औषध व सततची देखरेख यांमुळे पडला असावा, असे मानण्यास आधार आहे. आठवड्याला एक मात्रा ही सोय त्या दृष्टीने दुय्यम ठरत नाही. वर्षभर रोज महागडे औषध विकत घेणे ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी औषधाची परिणामकारकता पुस्तकातच राहते.

जागतिक आरोग्य सभेने २०१६ मध्ये मायसेटोमाचा उपेक्षित उष्णकटिबंधीय रोगांत समावेश केला. २०१८ मध्ये नव्या रेणूंच्या शोधासाठी 'मायसेटॉस' हा खुला प्रकल्प सुरू झाला. त्यातील माहिती कोणालाही उपलब्ध आहे आणि तिच्यावर एकस्व घेतले जात नाही. मात्र ज्या केंद्रावर या क्षेत्रातील रुग्णाधारित संशोधन मोठ्या प्रमाणात विसंबून होते, ते खार्टूमचे केंद्र एप्रिल २०२३ मध्ये सुदानात सुरू झालेल्या युद्धात उद्ध्वस्त झाले. सुमारे चार दशकांत जमविलेले नमुने व माहिती नष्ट झाल्याचे २०२५ मध्ये उघड झाले.