वेबसाइट बुडाली तर? बंदीतच तयारी करूया



मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात झाडं पडली, विजेचे खांब पडले. होड्या आपण वर ओढून घेतल्या होत्या. पण आज मासळीच्या ऑर्डरी आणि सभासदांचा हिशोब ज्या वेबसाइटवर आहे, तिचं काय?

वेबसाइटसुद्धा कुठल्यातरी इमारतीतल्या कॉम्प्युटरवरच असते. १० मार्च २०२१ ला फ्रान्सच्या स्ट्रासबर्ग शहरात अशीच एक इमारत जळाली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, त्यांच्यापैकी काहींचं सगळंच गेलं.

म्हणून १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत एवढं करूया:

१. चालू वेबसाइट सोडून आणखी दोन प्रती ठेवूया. एक दुसऱ्या कंपनीच्या क्लाउडवर, एक हार्ड डिस्कवर. डिस्क ऑफिसात नको, दुसरीकडे उंच, कोरड्या जागी. ऑर्डरी आणि हिशोबाची प्रत रोज घ्यायची.

२. डोमेन, होस्टिंग संस्थेच्या नावावर हवं. ओटीपी एकाच्याच फोनवर नको. तो दर्यात असला तर? पासवर्ड बंद पाकिटात दोघा पदाधिकाऱ्यांकडे द्या.

३. साइट बंद पडल्यास पहिला फोन कुणाला, तोवर ऑर्डरी कुठे घ्यायच्या, हे कागदावर लिहून भिंतीला लावा.

४. बॅकअपवरून साइट एकदा उभी करून बघा. फाटकं जाळं पाण्यात टाकल्यावर कळून उपयोग नाही.

आपल्या वेबसाइटचा पासवर्ड कुणाकडे आहे? आजच विचारा.