नळदुर्गची पहाट

सोलापूरहून हैदराबादकडे निघालं की नळदुर्ग, जळकोट, उमरगा मागे टाकत रस्ता बीदर जिल्ह्यात राजेश्वर, हुमनाबादला येतो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय लष्कराची मुख्य फौज याच वाटेनं निजामाच्या राज्यात शिरली. पाच दिवसांत सगळं आटोपलं, म्हणून ही मोहीम फारशी झळ न लागता पार पडली असं आपल्याकडे बोललं जातं. पहिल्या पहाटे नळदुर्गला जे घडलं, ते वाचल्यावर मला तसं म्हणवत नाही.

नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल उडवला गेला असता, तर रणगाडे अलीकडेच खोळंबले असते. तो शाबूत हाती आला आणि दुसऱ्या शीख पलटणीनं निजामी ठाण्यांवर हल्ला चढवला. आघाडीला हवालदार बचित्तर सिंग यांची प्लाटून होती. शत्रूच्या दोन मोटारी दिसताच त्यांनी रक्षकांचा गोळीबार अंगावर घेत त्या काबीज केल्या. मग पक्क्या मोर्चातून मारा सुरू झाला. चढाईत जेमतेम तीस यार्ड उरले असताना लाइट मशिनगनच्या गोळ्या त्यांच्या मांडीत घुसल्या. ते कोसळले, पण सरपटत पुढे गेले आणि दोन हातबॉम्ब फेकून ती मशिनगन बंद पाडली. मागे न्यायला आलेल्यांना त्यांनी परतवलं. प्राण जाईपर्यंत ते आपल्या जवानांना हिंमत देत राहिले. वय होतं एकतीस.

त्याच दुपारी चिलखती दल उमरग्यात पोचलं, दुसऱ्या दिवशी राजेश्वरला. १७ तारखेला लष्कर बीदरमध्ये होतं आणि संध्याकाळी निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली.

या मुलखानं त्या वर्षी फार सोसलं. मे महिन्यात गोर्टा गावात निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी कत्तल केली. मोहिमेनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत असंख्य निरपराध मुसलमान मारले गेले. चौकशीसाठी नेमलेल्या सुंदरलाल समितीनं ते नोंदवलं आहे आणि तेही आपण सांगितलंच पाहिजे.

परमवीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी असतं. हैदराबादची मोहीम मात्र सरकारी दप्तरात ‘पोलीस कारवाई’ ठरली. म्हणून १९५२ साली स्थापन झालेलं आणि १५ ऑगस्ट १९४७पासून लागू केलेलं अशोक चक्र बचित्तर सिंग यांना मरणोत्तर मिळालं. ज्या कारवाईत रणगाडे आणि लढाऊ विमानं उतरली, तिथलं मरण युद्धातलं नव्हे, हे मला पटत नाही. नाईक नरबहादूर थापांच्या शौर्याचंही तेच झालं. याच मोहिमेत तुंगभद्रेच्या रेल्वेपुलावर उघड्या मैदानातून धावत जाऊन त्यांनी खुकरीनं मशिनगनचं ठाणं निकामी केलं. तेही अशोक चक्राचे मानकरी.

१९५६ला हैदराबाद राज्याचे जिल्हे वाटले गेले. उमरगा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात; बीदर आणि गुलबर्गा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात. सतरा सप्टेंबरला झेंडा दोन्हीकडे चढतो. त्या सकाळी दोन्हीकडच्या शाळांत मुलांना या हवालदाराची आणि या नाइकाची कामगिरी मराठीतून, कन्नडमधून सांगितली जावी, एवढं शिक्षकांकडे माझं मागणं आहे.