वरूडहून धावपट्टी किती लांब?

विमान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आधी तिकीट येते. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेले अलायन्स एअरचे विमान अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरले, तेव्हा वऱ्हाडाला आनंद झाला तो मुंबई जवळ आल्याचा, आणि तो रास्तच होता. पण विमानाशी माणसाचे आणखी एक नाते असते: कुठेही पोहोचायचे नसताना उडण्याचे. सकाळी धावपट्टीवर जावे, दोन आसनांचे छोटे विमान बाहेर काढावे, अप्पर वर्धा धरणाच्या पाण्यावरून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत तासभर फिरावे आणि निघालो तिथेच परत उतरावे. वरूडमधल्या एखाद्या संत्रा बागायतदाराला, शिक्षिकेला किंवा डॉक्टरला ही हौस असेल, तर आज ती भागणे जवळजवळ अशक्य आहे. कारण विचारले तर लोक कायद्याकडे किंवा पैशाकडे बोट दाखवतात. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण त्यांच्याहून मोठी अडचण अंतराची आहे. जवळपास धावपट्टी, तिथे दहा-वीस जणांत मिळून एक विमान आणि शिकवायला एक माणूस, एवढे जुळले की कायदा पेलतो आणि खर्चही आवाक्यात येऊ लागतो.

कायद्यापासून सुरुवात करू. खासगी वैमानिकाच्या परवान्याला, म्हणजे पीपीएलला, वयाची १७ वर्षे पूर्ण आणि दहावी उत्तीर्ण एवढेच शिक्षण लागते. विद्यार्थी परवाना तर सोळाव्या वर्षीही मिळतो. दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी, हवाई नियम, हवामान, दिशादर्शन अशा विषयांच्या परीक्षा, रेडिओवर बोलण्याचा वेगळा परवाना आणि किमान ४० तासांचे उड्डाण, असा तो मार्ग आहे. या तासांतच १५० सागरी मैलांचा एक प्रवास एकट्याने करून वाटेत दोन निरनिराळ्या ठिकाणी उतरून दाखवावे लागते. परवाना मिळाल्यावर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही. नजरेच्या भरवशावर उडणाऱ्याला सूर्यास्ताच्या आत उतरावे लागते, आणि दूर जायचे तर उड्डाणाचा आराखडा देऊन हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यावी लागते. ही यादी लांबलचक वाटते, पण यातली एकही अट दहावी झालेल्या, धडधाकट, अभ्यासाला तयार असलेल्या माणसाला अडवणारी नाही. व्यावसायिक वैमानिकाला लागतात तसे २०० तास इथे लागत नाहीत, की बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असलेच पाहिजे असेही नाही. अमेरिकेने २००४ पासून हलक्या विमानांसाठी निराळा परवाना ठेवला आहे. तो २० तासांत मिळू शकतो आणि त्यासाठी बहुतेकांना मोटार चालवण्याचा परवाना हाच प्रकृतीचा दाखला म्हणून चालतो. आपली अट त्याच्या दुप्पट आहे, तरी ती पार करण्यासारखी आहे.

आता पैसा. लहान विमानावर शिकण्याचा खर्च तासाला १२ हजार रुपये धरला, तर ४० तासांचे ४ लाख ८० हजार होतात. परीक्षा, तपासण्या आणि जास्तीचे तास मिळवून सहा लाखांच्या आसपास पोहोचतो. रक्कम लहान नाही. पण नवा ट्रॅक्टर घेणाऱ्या घराला ती अपरिचितही नाही. या हिशेबात सहसा न धरला जाणारा आकडा मात्र वेगळाच आहे. वरूडहून अमरावती नव्वदेक किलोमीटर. तासातासाचे चाळीस धडे घ्यायचे, तर निव्वळ जाण्यायेण्यात सात हजार किलोमीटरहून जास्त प्रवास होतो, तोही बेलोऱ्याला शिकवणारे कुणी असेल तर. तिथे एअर इंडियाची वैमानिक प्रशिक्षण संस्था आखली गेली ती वर्षाला १८० व्यावसायिक वैमानिक घडवण्यासाठी, ३१ एक इंजिनाची आणि तीन दुहेरी इंजिनांची विमाने घेऊन. गोंदियाजवळच्या बिरसीची संस्थाही नोकरीच्या वाटेवरच्या मुलांसाठी आहे. २०२० नंतर केंद्राने विमानतळांवरील प्रशिक्षण संस्थांचे स्वामित्वशुल्क रद्द केले, जळगावसह पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा दिल्या. हे चांगलेच झाले. पण ही सारी सवलत नोकरीसाठी उडणाऱ्याला मिळाली. रविवारी सकाळी उडू पाहणारा त्या आखणीत कुठेच नाही.

मग स्वतःचे विमान घ्यावे का? इथे करव्यवस्था स्पष्ट उत्तर देते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक वापराच्या विमानावर ४० टक्के जीएसटी आहे, म्हणजे विलासी नौकांच्या पंक्तीत. वैयक्तिक नसलेल्या वापराच्या विमानावर तो ५ टक्के आहे. एक कोटीच्या विमानावर एकाला चाळीस लाख कर आणि दुसऱ्याला पाच लाख. शिवाय विमान उडो न उडो, विमा, हँगरचे भाडे, वार्षिक तपासणी आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला यांचा खर्च चालूच राहतो. हा ठरलेला खर्च वर्षाला सहा लाख मानला, तर ३० तास उडणाऱ्या एकट्या मालकाला तो तासाला २० हजार पडतो. वीस सभासदांनी प्रत्येकी २० तास उडवले, तर तोच खर्च तासाला दीड हजारावर येतो. हौशी उड्डाणाचे अर्थशास्त्र या भागाकारात आहे. उसाला कारखाना आणि दुधाला संघ उभारणाऱ्या महाराष्ट्राला हा भागाकार समजावून सांगायची गरज नसावी.

भारतात उड्डाणाची सुरुवातही अशीच, क्लबातून झाली. १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कलकत्ता इथे फ्लाइंग क्लब उभे राहिले ते सरकारी साहाय्याने. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिला गेलेला पहिला परवाना मिळाला, तो मुंबईच्या क्लबात शिकून. म्हणजे देशातले सर्वांत प्रसिद्ध हौशी उड्डाणही सार्वजनिक पाठबळावर चाललेल्या संस्थेतूनच निघाले. पुण्यात हडपसरचे ग्लायडिंग केंद्र नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्याच अखत्यारीत चालत आले. विदर्भात नागपूर फ्लाइंग क्लब होता आणि आहे, पण मधली काही वर्षे त्याची विमाने जमिनीवरच राहिली. क्लब थांबतो तेव्हा नुसती विमाने थांबत नाहीत. शिक्षक दुसरीकडे जातात, तंत्रज्ञ जातात, आणि उड्डाणाची आवड असलेल्या एका पिढीला विचारायला जागा उरत नाही.

वऱ्हाडात असा क्लब कुठे उभा राहील? बेलोऱ्याची १८५० मीटरची धावपट्टी आधी सुचते. पण तिथे चौतीस प्रशिक्षण विमाने आणि प्रवासी विमान यांच्यामध्ये हौशी माणसाला वेळ मिळणे कठीण. माझ्या मते योग्य जागा अकोल्याचे शिवणी विमानतळ आहे. १९४३ मध्ये बांधलेली ही धावपट्टी १४०० मीटरची. एटीआरसारख्या प्रवासी विमानासाठी ती अपुरी म्हणून तिच्या विस्ताराची चर्चा कृषी विद्यापीठाच्या जमिनीभोवती वर्षानुवर्षे फिरत राहिली. विस्तार व्हायचा तेव्हा होवो. सेस्ना १५२ सारखे दोन आसनी विमान समुद्रसपाटीला, साधारण हवेत, सव्वादोनशे मीटरच्या आत जमीन सोडते. मोठ्या विमानाला तोकडी ठरलेली धावपट्टी या विमानाला ऐसपैस आहे, आणि ती जनतेच्या पैशाने बांधून तयार आहे. वरूडकराला अकोला अमरावतीच्या दुप्पट लांब पडेल, हे खरे. म्हणून शिकणे शिवणीला आणि परवाना मिळाल्यावर बेलोऱ्याला आठवड्यातल्या ठरावीक वेळा राखीव, अशी जोडणी करावी लागेल.

यावर पहिला आक्षेप येईल तो श्रीमंतांच्या चैनीसाठी सरकारी जागा का, हा. ज्या वरूड तालुक्यात भूजल खोल गेले आहे आणि बागा वाळतात, तिथे हा प्रश्न विचारला गेलाच पाहिजे. पण श्रीमंताला क्लबची गरज नसते, तो चार्टर विमान मागवतो. क्लब लागतो तो महिन्याला काही हजार बाजूला टाकू शकणाऱ्याला. पडून असलेल्या धावपट्टीचे भाडे क्लबने द्यावे, अनुदान मागू नये, अशी अट घातली तर सरकारी तिजोरीतून काही जात नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अधिक वजनदार आहे. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून निघालेले प्रशिक्षण विमान बालाघाटच्या डोंगरात कोसळून दोघांचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामतीजवळ चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने पडली. हौशी वैमानिकाचा धोका तर आणखी वेगळा: तो कमी उडतो, म्हणून हात गंजतो. मला वाटते हाच क्लबच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. एकट्या मालकाला तू आज उडू नकोस असे सांगणारे कुणी नसते. क्लबात मुख्य शिक्षक असतो. दोन महिने न आलेल्या सभासदाला तो आधी शेजारी बसवून उडवून पाहतो, आणि वारा वाढला की किल्ली देत नाही.

नियम सैल करता येत नाहीत, हेही खरे नाही. अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेले सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी पाहिले. त्याची नोंदणी व्हायला नोव्हेंबर २०१७ उजाडला, आणि उडण्याची परवानगी त्याच्याही पुढे गेली. उलट ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी अर्जांचे नमुने २५ वरून ५ वर आणि शुल्काचे प्रकार ७२ वरून ४ वर आणले. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायाशिवाय उडवणाऱ्याला वैमानिकाचे प्रमाणपत्रही लागत नाही. सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे ड्रोनने दाखवून दिले आहे.

तरी दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतील. पहिली इंधनाची. शिकवणीच्या जुन्या विमानांना लागणारे एव्हगॅस पूर्वी बाहेरून यायचे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्यात बनवते, पण शिवणीपर्यंत ते पिंपांतूनच आणावे लागेल. नव्या हलक्या विमानांची रोटॅक्स इंजिने साध्या पेट्रोलवर चालतात, मात्र त्यांना इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच चालते, आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचे मिश्रण आहे. क्लबला विमान निवडण्याआधी इंधन निवडावे लागेल. दुसरी गोष्ट उन्हाची. अमरावतीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाच्या पंखांना आणि इंजिनाला आपण पाच हजार फुटांवर आहोत असे वाटते, म्हणजे चिखलदऱ्याहूनही उंच. धाव लांबते, चढण मंदावते. शिवणीची १४०० मीटर तेव्हा चैन राहत नाही, गरज होते. उन्हाळ्यात पहाटे उजाडताच उडून नऊच्या आत विमान हँगरमध्ये आणावे लागेल, आणि पावसाळ्यात बरेच दिवस ते बाहेर निघणारच नाही. शिकायचे खरे दिवस उरतात ते संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू होते तेव्हापासून मृग बहाराची तोड संपेपर्यंतचे.